घर भाड्याने घेताना एजंट नडतो तेव्हा

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा भरायच्या आधी, प्रवेशाच्या कामासाठी आम्हा शिक्षकांना शाळेत बसावं लागतं. अशाच एका दुपारी सातवीतल्या एका मुलीचे वडील आले. रिक्षा चालवतात. मला वाटलं मुलीचा दाखला काढायला आले असतील, कारण घरमालकाने घर खाली करायला सांगितल्याचं त्यांनी आधी फोनवर सांगितलं होतं. पण त्यांनी पिशवीतून चार-पाच कागद काढले आणि म्हणाले, "मॅडम, मराठी में है. जरा पढ के बताव ना, इस में क्या लिक्खा है."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे पालकांचे कागद वाचून देणं हे माझं न मागता मिळालेलं दुसरं काम आहे. लाइट बिल, रेशनचा अर्ज, बँकेची नोटीस, सगळं येतं. पण अलीकडे सगळ्यात जास्त येतात ते भाडेकरार, आणि बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर येतात.

त्या दिवशीचा कागद पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर टाइप केलेला होता. अकरा महिन्यांचा करार, भाडं १२,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० रुपये. मालकाचं नाव होतं, सही नव्हती. डिपॉझिट "मध्यस्थामार्फत" द्यायचं असं लिहिलं होतं. खाली एक कलम होतं की करार वाढवला तर दर वेळी एक महिन्याचं भाडं मध्यस्थाला द्यावं लागेल. आणखी खाली, अकरा महिन्यांच्या आत घर सोडलं तर डिपॉझिट परत मिळणार नाही. मी विचारलं, काही पैसे दिलेत का? २०,००० रुपये टोकन दिलं होतं. रोख. पावती नाही. दलाली दोन महिन्यांची ठरली होती, कारण एजंट म्हणाला होता, "सोसायटी आपल्या लोकांना घेत नाही, मी सेटिंग करून देतोय. तीन दिवसांत बोला, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे."

या एका वाक्यात आपल्या घरांची सगळी अडचण आली. एजंट वाईट असतात असं सरसकट म्हणणं चूक आहे. मला स्वतःला आजचं घर एका सज्जन एजंटमुळे मिळालं. पण जो एजंट नडतो, त्याची ताकद कशात असते ते ओळखलं पाहिजे. तो मालक आणि आपण यांच्यामध्ये पडदा धरून उभा असतो. मालक काय म्हणाला ते आपल्याला तोच सांगतो, आपण काय म्हणालो ते मालकाला तोच सांगतो. त्यात आपल्या मनात आधीच भीती असते की आपल्याला घर कोण देणार. त्या भीतीचीच तो किंमत लावतो. हा पडदा बाजूला करण्यासाठी काय काय करता येतं, कायदा कुठे आपल्या बाजूने आहे आणि कुठे नाही, ते या लेखात सांगायचा प्रयत्न आहे.

"आपल्या लोकांना घर मिळत नाही"

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांना हव्या त्या भागात घर विकत किंवा भाड्याने घेणं अवघड होत चालल्याची नोंद आहे. ज्यांनी पुण्या-मुंबईत घर शोधलं आहे त्यांना अहवालाची गरज नाही. फोनवर सगळं ठरतं, नाव विचारलं जातं, मग "ओनरने नातेवाइकाला दिलं" असा निरोप येतो.

पण नकार खरा असतो तसा नकाराचा धंदाही असतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात कोंढव्याच्या बाजूला घर शोधत होतो. एजंटने आम्हाला सांगितलं की तिसऱ्या मजल्याचं घर मिळणं कठीण आहे, मालकीण बाई "विचार करते" म्हणाल्यात, अर्धा महिना दलाली जास्त दिली तर तो त्यांना समजावेल. आम्ही तयारही झालो होतो. योगायोगाने त्या बाई मला त्याच इमारतीच्या जिन्यात भेटल्या. वयस्कर, मराठी ब्राह्मण कुटुंबातल्या, निवृत्त नर्स. त्या म्हणाल्या, "अहो, मला तर त्याने सांगितलं की तुम्हालाच तिसरा मजला नको, लिफ्ट नाही म्हणून. मी तर भाडं कमी करायला तयार होते." त्याने आमच्याकडून जास्त दलाली आणि त्यांच्याकडून कमी भाडं, असं दोन्हीकडून पीक काढायचं ठरवलं होतं. आम्ही त्या घरात चार वर्षं राहिलो. ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा जायचा, दिवाळीला त्यांचा फराळ यायचा.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की मालक किंवा सोसायटी नाही म्हणते, हे एजंटच्या तोंडून ऐकून धरू नका. मालकाशी बोलायला मिळालं पाहिजे, निदान फोनवर, ही अट पहिल्या दिवशी घाला. सोसायटीचं नाव पुढे केलं तर सेक्रेटरीला स्वतः जाऊन भेटा. वॉचमनला विचारलं तरी निम्मी माहिती मिळते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, पण ते मालकाकडून घ्यायचे असतात आणि राज्य सरकारने २००१ साली ठरवल्याप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. "सोसायटीला पाच हजार द्यावे लागतील" असं एजंट म्हणाला तर पावती कोणाच्या नावाने मिळेल एवढंच विचारा. पावती नसेल तर ते पैसे सोसायटीचे नाहीत.

आता कडू गोष्ट. धर्माच्या कारणावरून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला भाडेकरू म्हणून थेट जाब विचारता येईल असा सोपा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचं पंधरावं कलम भेदभावाला मनाई करतं, पण त्याचा मुख्य रोख सरकारवर आहे. सोसायटी अडवत असेल आणि मालक तुमच्या बाजूने असेल, तर सभासद या नात्याने मालक सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करू शकतो. पण मालकच नको म्हणत असेल तर तिथे वेळ घालवू नका. त्यासाठी एक व्यवहारी उपाय आहे. पहिल्याच फोनवर आपलं पूर्ण नाव, कुटुंबात किती माणसं, काय नोकरी, हे स्पष्ट सांगा आणि म्हणा, "मालकाला चालणार असेल तरच घर दाखवा." काही लोक नाव अर्धवट सांगतात. त्याने काही होत नाही, कारण करार नोंदवताना आधार कार्ड आणि अंगठा लागतोच. तोपर्यंत टोकन अडकलेलं असतं.

पैसे कधी, कोणाला, कशाचे

घर दाखवण्याचेच दोनशे-तीनशे रुपये मागणारे एजंट आता वाढले आहेत. असा एजंट शक्य तो टाळा. घर मिळवून दिल्यावर ज्याला पैसे मिळतात तो घर मिळवून देण्यासाठी धावतो. दाखवण्याचेच पैसे मिळत असतील तर तो दाखवतच राहील.

दलाली किती असावी याचा सरकारी दर नाही. अकरा महिन्यांच्या करारावर एक महिन्याचं भाडं असा शहरांतला सर्वसाधारण रिवाज आहे. रिवाज म्हणजे कायदा नव्हे, घासाघीस करता येते. रेरा कायद्यात एजंटांची नोंदणी आहे म्हणून लोकांना वाटतं की तिथे तक्रार करता येईल. पण त्या कायद्यातला एजंट हा विक्रीच्या व्यवहारातला आहे, भाड्याच्या नाही. त्यामुळे "मी महारेरा रजिस्टर्ड आहे" या वाक्याने भाडेकरूचं काही संरक्षण होत नाही. म्हणूनच दलाली किती, कोणत्या दिवशी आणि कशाच्या बदल्यात, हे आधीच ठरवून लिहून घ्यावं लागतं. फिकहच्या जुन्या पुस्तकांत दलालाला सिमसार म्हणतात, आणि त्याची उजरत आधी निश्चित असावी असाच उलेमांचा आग्रह असतो. आपण मात्र लाजेपोटी "देऊ काहीतरी, तुम्ही घर तर दाखवा" म्हणतो आणि मग भांडतो.

मी पालकांना सांगते की दलाली करार नोंदवून झाल्यावर आणि किल्ली हातात आल्यावर. त्याआधी फक्त टोकन, आणि तेही लहान. दोन-पाच हजारांच्या वर टोकन मागणारा घाईत असतो. टोकन शक्यतो मालकाच्या खात्यात द्या. एजंटच्या खात्यात द्यायची वेळ आली तर यूपीआयने द्या आणि शेऱ्यात घराचा पत्ता लिहा. डिपॉझिट मात्र कधीच एजंटकडे नाही. ते ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच खात्यात. डिपॉझिट म्हणजे मालकाने आपल्याला देणं असलेलं कर्जच आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची जी ताकीद आहे, ती आपण दर्समध्ये ऐकतो. मग पन्नास हजार रोख देताना पावती मागायची लाज का वाटावी?

फोनवर एजंट जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी बदलतं, हा सगळ्यांचा अनुभव. त्यावर एक साधी युक्ती आहे. फोन ठेवला की लगेच त्याला व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. साधारण असा: "आज फोनवर ठरल्याप्रमाणे भाडं १२,०००, डिपॉझिट ५०,००० मालकाच्या खात्यात, दलाली १२,००० करार नोंदवल्यावर. टोकन ३,०००. मालकाने किंवा सोसायटीने नकार दिला तर टोकन सात दिवसांत परत. बरोबर आहे ना?" त्याने "हो" किंवा नुसता अंगठा पाठवला तरी आपल्या हातात काहीतरी आलं. त्याने उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे. हे मेसेज पुसू नका आणि मोबाइल बदलला तरी जुना जपून ठेवा. पुढे तक्रार करायची झाली तर मूळ फोन लागू शकतो.

एकाच घराला दोन-तीन एजंटांची साखळी असते हेही लक्षात ठेवा. एकाने दाखवलं, दुसऱ्याकडे किल्ली, तिसरा मालकाच्या ओळखीचा. शेवटी तिघेही आपल्याकडे हात पुढे करतात. सुरुवातीलाच सांगा की दलाली एकच, ती तुम्ही आपसांत वाटून घ्या. आणि आपल्या बाजूनेही एक गोष्ट पाळा. एजंटने घर दाखवल्यावर त्याला टाळून परस्पर मालकाशी व्यवहार करून दलाली बुडवणं हेही वचन मोडणंच आहे. मालकाशी बोलायचं ते खात्री करण्यासाठी, एजंटचा हक्क मारण्यासाठी नाही. हा फरक मालकालाही कळतो.

अकरा महिन्यांचा गैरसमज

"अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी चालते." हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात इतक्या वेळा बोललं जातं की वकीलसुद्धा ऐकून सोडून देतात. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्रात ही पळवाट राहिलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आपल्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट अशी की नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

म्हणजे करार न नोंदवण्यात मालकाचाच तोटा जास्त आहे. हे मालकाला नीट सांगितलं तर तो तयार होतो. अडवतो तो बहुधा एजंट, कारण नोटरीच्या कागदात त्याला हवी ती कलमं घालता येतात आणि खर्चात त्याचा वाटा सुटतो.

खर्चाचा हिशेब करून पाहू. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. १२,००० भाडं अकरा महिने म्हणजे १,३२,०००. पन्नास हजारांवर दहा टक्के म्हणजे वर्षाचे ५,०००, अकरा महिन्यांचे त्याहून थोडे कमी. याचा पाव टक्का साडेतीनशे रुपयांच्या आसपास येतो. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. घरी येऊन अंगठा आणि फोटो घेणाऱ्याची मजुरी वेगळी. ती आधी विचारून ठरवा. एजंट जेव्हा "ॲग्रीमेंटचे सहा हजार" म्हणतो तेव्हा कागदावर फोड मागा. सरकारी शुल्क ऑनलाइन भरल्याची पावती येते.

त्या रिक्षावाल्या भाईंच्या करारातली दोन कलमं नेहमी सापडतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. करार वाढवताना पुन्हा दलाली: एजंटने एकदा घर मिळवून दिलं, त्याचं काम संपलं. पुढच्या वर्षी मालक आणि तुम्ही मिळून करार वाढवता, त्यात त्याने नवं काहीच केलेलं नसतं. तुम्ही आधी मान्य केलं नसेल तर तो मागू शकत नाही, म्हणूनच तो ते कलम गुपचूप घालतो. एजंट हा मालक-भाडेकरू करारातला पक्षच नाही. त्याचं नाव, त्याची दलाली तिथे असण्याचं कारण नाही, असलीच तर साक्षीदार म्हणून सही. दुसरं, मुदतीआधी सोडल्यास पूर्ण डिपॉझिट जप्त. त्याऐवजी दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस असं लिहून घ्या. लॉक-इन असेल तर ते तीन महिन्यांपेक्षा जास्त नको, असं माझं मत. नोकरी सुटली, गावी आई आजारी पडली, तर माणूस अकरा महिने थांबत नाही.

डिपॉझिटमधून रंगकामाचे किती कापणार तेही आत्ताच ठरवा. घरात जायच्या दिवशी भिंती, नळ, गिझर, पंखे यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, घर सोडताना महिन्याचं भांडण वाचतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम आहे, ऑनलाइनही करता येतं. त्याची भीती घालून एजंट हजार-दोन हजार काढतो. "तुमच्या नावामुळे व्हेरिफिकेशनला अडचण येईल" असंही म्हणणारे मी ऐकले आहेत. फॉर्म भरल्याची पोच घ्या आणि निश्चिंत राहा. उलट ती पोच आपल्याच उपयोगाची आहे.

मालक दुबईला आणि हेवी डिपॉझिट

हे दोन प्रकार आपल्या वस्त्यांत फार आहेत, म्हणून जरा थांबून बोलते.

कोकणातल्या आणि मुंब्रा, मीरा रोडकडच्या बऱ्याच घरांचे मालक आखातात असतात. एजंट म्हणतो, "मालक कुवेतला आहे, सगळं मीच बघतो." बघत असेलही. पण मालकाच्या वतीने सही करायची असेल तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र पाहिजे, आणि ते परदेशात केलेलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं असतं. त्याची प्रत मागा. मालकाशी व्हिडिओ कॉल करा. त्याला घरातलं काहीतरी विचारा, किचनची खिडकी कुठे उघडते, शेजारी कोण राहतं. खऱ्या मालकाला राग येत नाही, बरं वाटतं. लाइट बिल आणि मालमत्ता कराच्या पावतीवर त्याचंच नाव आहे का पाहा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो, त्यात घर कोणाच्या नावावर आहे ते कळतं. शाळा-कॉलेजात जाणारी मुलं हे काम आपल्यापेक्षा लवकर करतात, त्यांना सांगा. आणखी एक, मालक अनिवासी भारतीय असेल तर भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. त्यासाठी एखाद्या कर सल्लागाराला आधीच विचारून ठेवा.

हेवी डिपॉझिटचं दुखणं मोठं आहे. पाच-सात लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाही, किंवा नावापुरतं. लोकांना वाटतं दर महिन्याचं भाडं वाचलं. हा व्यवहार शरीअतमध्ये बसतो का, यावर आपल्या मुफ्तींना विचारा. मी फक्त दुनियेचा हिशेब सांगते. ही रक्कम म्हणजे अनेक घरांत मुलीच्या लग्नासाठी साठवलेले किंवा सौदीहून आणलेले सगळे पैसे असतात. एकच घर दोन-तीन कुटुंबांना दाखवून तिघांकडून डिपॉझिट घेतल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि मालकाने हप्ते थकवले तर बँक घराचा ताबा घेऊ शकते आणि तुम्ही आत असलात तरी रक्कम मालकाच्या मागे धावून वसूल करावी लागते. त्यात लोक मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी करारात डिपॉझिट कमी दाखवतात. हिशेब करा: सहा लाखांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला साठ हजार, त्याचा पाव टक्का दीडशे रुपये. दीडशे रुपयांसाठी सहा लाखांचा पुरावा घालवायचा, याला काय म्हणावं? पूर्ण रक्कम करारात लिहा, चेकने किंवा बँकेतून द्या, चेक नंबर करारात घाला. हे मान्य नसेल तर ते घर सोडा.

इंटरनेटवर स्वस्तात घर दिसतं, मालक "फौजेत" असतो, बदली झालेली असते, गेट पास किंवा टोकनसाठी क्यूआर कोड पाठवतो. हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. न पाहिलेल्या घरासाठी एक रुपया द्यायचा नाही. दिलाच असेल तर तासाभराच्या आत १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची आशा जास्त.

पैसे अडकले तर

आधी आवाज चढवू नका. आपल्याकडे चार पोरं घेऊन एजंटच्या ऑफिसात जायची पद्धत आहे. त्याने एखाद वेळी पैसे मिळतातही, पण गुन्हा आपल्यावर दाखल झाला तर वीस हजारांपायी मुलाची नोकरी जाते. त्याऐवजी लेखी मागणी करा: कधी, किती, कशाबद्दल दिले, आणि किती दिवसांत परत हवेत. व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडे.

त्यानंतरही टाळाटाळ झाली तर दोन दारं आहेत. दलाली देऊन घेतलेली सेवा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत मांडता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगात फी लागत नाही. आणि सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत असेल, म्हणजे नसलेलं किंवा आधीच दिलेलं घर दाखवून पैसे घेतले असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून हवालदाराने परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. घरातली बाई अर्जदार झाली तर हे सोपं पडतं, आणि अनुभव असा की आयाच कागद जपून ठेवतात.

त्या रिक्षावाल्या भाईंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्यांना म्हटलं, सही करू नका, आज संध्याकाळी त्या इमारतीत जा आणि सेक्रेटरीला भेटा. रात्री त्यांच्या बायकोचा फोन आला. "आपा, सेक्रेटरी तो बोल्ले हमें कुछ प्रॉब्लेम नै, पर वो फ्लॅट तो पिछले महिनेच दे दिया मालक ने, उनके भांजे को." एजंटकडे जुनी किल्ली राहिली होती, तेवढ्यावर तो घर दाखवत होता. सोसायटीचा नकार, सेटिंग, दुसरी पार्टी, सगळं हवेतलं होतं.

रोख दिले होते, पावती नव्हती, पण एजंटचा एक व्हॉइस मेसेज होता: "बीस मिल गए, बाकी का टाइम पे देना." तो मेसेज आम्ही जपला, मागणीचं पत्र मराठीत लिहिलं, मुलीच्या आईने सही केली. आठ दिवसांत पंधरा हजार आले. उरलेले पाच पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर, जुलैच्या मध्यावर. तोपर्यंत ते भावाच्या एका खोलीत आठ माणसं राहत होते आणि मुलगी दोन बस बदलून शाळेत यायची.

घर त्यांना जुलैअखेरीस मिळालं, दुसऱ्या एजंटकडून, शाळेपासून चालत वीस मिनिटांवर. करार घेऊन ते पुन्हा आले. या वेळी नोंदवलेला होता, मालकाची सही आणि अंगठा होता, डिपॉझिटसमोर चेक नंबर होता. मी वाचून परत दिला. मुलीने बापाच्या हातातून तो घेतला आणि स्वतःच मोठ्याने मराठी वाचायला सुरुवात केली, "अनुज्ञप्तीधारक" या शब्दावर अडखळली. तो शब्द मलाही धड येत नाही, तिला म्हटलं, भाडेकरू म्हण.